ऑनलाइन रायटिंग कोर्स: प्रोजेक्ट रिपोर्ट स्वतःच्या शब्दांत लिहायला कसं शिकायचं?

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चालतो, डेमोही छान होतो. मग रिपोर्ट लिहायची वेळ येते आणि ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "गेल्या वर्षीची वर्ड फाइल कोणाकडे आहे का रे?" हे चित्र कुठल्याही एका कॉलेजचं नाही. यामागे फक्त आळस असतो असंही नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या अनेकांना वाटतं की आपलं इंग्रजी वाक्य चुकीचं दिसेल, त्यापेक्षा दुसऱ्याचं 'बरोबर' वाक्य उचललेलं बरं. म्हणजे नक्कल बऱ्याचदा भीतीतून होते.

ही भीती घालवायला ऑनलाइन रायटिंग कोर्स कामाला येतो. मात्र तो कसा करायचा हे माहीत असायला हवं, नाहीतर हातात प्रमाणपत्र येतं आणि रिपोर्ट लिहायला बसलं की पान कोरंच राहतं. या लेखात आपण बघू की असे कोर्स कुठे मिळतात, फी आणि क्रेडिटचं गणित काय असतं, त्यात काय शिकवतात आणि कोर्स जे देत नाही ते आपण कसं मिळवायचं.

कॉम्पोझिशन आणि रिसर्च रायटिंग म्हणजे काय?

कॉम्पोझिशन म्हणजे विचार क्रमाने मांडणं: एक मुद्दा, त्याला आधार, मग पुढचा मुद्दा. रिसर्च रायटिंग म्हणजे एक प्रश्न घेऊन, इतरांनी त्यावर काय काम केलंय ते वाचून, स्वतःची माहिती गोळा करून उत्तर लिहिणं आणि कुठली गोष्ट कुठून घेतली ते प्रामाणिकपणे सांगणं.

अमेरिकेतल्या कॉलेजांत पहिल्या वर्षाला कॉम्पोझिशन हा स्वतंत्र विषय असतो. ही पद्धत तिथे १९ व्या शतकाच्या शेवटी हार्वर्डपासून रुजली. आपल्याकडे पदवीला 'कम्युनिकेशन स्किल्स'सारखा एखादा पेपर असतो, त्यात अर्ज, ईमेल आणि रिपोर्टचा नमुना येतो. संशोधनाचं लेखन पद्धतशीर शिकवणं बहुतेकदा पीएचडीच्या टप्प्यावर सुरू होतं. यूजीसीने २०१९ मध्ये पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' हा दोन क्रेडिटचा कोर्स सक्तीचा करायचं ठरवलं. पण रिपोर्ट तर पदवीलाच लिहावा लागतो! मधली ही फट ऑनलाइन कोर्सने भरता येते.

असे कोर्स कुठे मिळतात?

मिरजोळे एमआयडीसीत फिनोलेक्स अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट अँड टेक्नॉलॉजी हे इंजिनिअरिंग कॉलेज १९९६ पासून आहे. रत्नागिरी शहरात गोगटे-जोगळेकर कॉलेज १९४५ पासून आहे. इथे शिकणाऱ्या कोणालाही लेखनाच्या खास कोर्ससाठी मुंबई-पुण्याला जायची आता गरज नाही. मुख्य पर्याय असे:

- स्वयं: केंद्र सरकारचं व्यासपीठ, सुरुवात ९ जुलै २०१७. प्रत्येक कोर्सचे चार भाग असतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चाचण्या आणि शंका विचारायची जागा. हेमवती नंदन बहुगुणा गढवाल विद्यापीठाचे डॉ. अजय सेमल्टी यांचा 'अकॅडेमिक रायटिंग' हा कोर्स इथलाच.
- एनपीटीईएल: आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीचा २००३ मध्ये सुरू झालेला प्रकल्प. त्याचे कोर्सही स्वयंवरूनच चालतात. आयआयटी रुरकीचे प्रा. बिनोद मिश्रा यांचा 'इफेक्टिव्ह रायटिंग' हा चार आठवड्यांचा कोर्स सुरुवातीला सोयीचा आहे.
- कोर्सेरा: परदेशी विद्यापीठांचे कोर्स. ड्यूक विद्यापीठाने २०१३ मध्ये 'इंग्लिश कॉम्पोझिशन १' इथे आणला. स्टॅनफर्डचा 'रायटिंग इन द सायन्सेस' विज्ञान आणि इंजिनिअरिंगवाल्यांना जास्त जवळचा वाटेल. प्रमाणपत्रासाठी पैसे लागतात, पण अनेक कोर्सना आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो.

स्वयंवरचे कोर्स साधारण जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत उघडतात. एकच कोर्स प्रत्येक सत्रात असेलच असं नाही, म्हणून आधी त्या सत्राची यादी बघा.

फी, परीक्षा आणि क्रेडिट

एनपीटीईएलच्या कोर्सला नाव नोंदवणं, व्हिडिओ बघणं आणि असाइनमेंट देणं हे सगळं मोफत आहे. प्रमाणपत्र हवं असेल तरच केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. तिची फी बरीच वर्षं १,००० रुपये राहिली आहे, भरण्यापूर्वी चालू सत्राचा आकडा बघून घ्या.

गुणांची विभागणी अशी:

- असाइनमेंट २५ गुण, परीक्षा ७५ गुण.
- ४ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ३ असाइनमेंट धरतात, ८ आठवड्यांत ६ आणि १२ आठवड्यांत ८.
- पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, असे दोन्हीकडे गुण लागतात. एकीकडचे जास्त गुण दुसरीकडे चालत नाहीत.
- साधारण हिशेब: ४ आठवडे म्हणजे १ क्रेडिट, ८ म्हणजे २ आणि १२ म्हणजे ३.

यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठांना एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयंवरून करू देता येतात. पण 'देता येतात' आणि 'मिळतात' यांत फरक आहे. तुम्ही निवडलेल्या कोर्सचं क्रेडिट तुमच्या मार्कशीटवर येणार का, ते कॉलेजने मान्य करावं लागतं. म्हणून नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांना विचारा. कॉलेजमध्ये एनपीटीईएलचं लोकल चॅप्टर आहे का आणि परीक्षेचं जवळचं केंद्र कुठलं आहे, हेही बघून ठेवा. कोकणातून सकाळच्या परीक्षेला कोल्हापूर किंवा मुंबई गाठायची असेल तर आदल्या दिवशीच निघावं लागतं.

कोर्समध्ये काय शिकवतात? एक उदाहरण घेऊन बघू

समजा, मिरजोळ्यातल्या एका विद्यार्थिनीला पाणीटंचाईवर प्रोजेक्ट करायचाय. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे उजाडला की अनेक विहिरी तळ दाखवतात. विषय चांगला आहे, आता त्याचा रिपोर्ट कसा होतो ते बघा.

*१. विषयाचा प्रश्न करा.* 'कोकणातील पाणीटंचाई' हा विषय झाला, त्यावर पुस्तकं लिहिता येतील. प्रश्न असा हवा: 'मिरजोळे परिसरातल्या १० विहिरींची पाण्याची पातळी मध्य फेब्रुवारी ते मध्य मे या काळात दर आठवड्याला किती उतरते?' यात जागा आहे, काळ आहे आणि मोजता येईल अशी गोष्ट आहे. १० विहिरी आणि १२ आठवडे म्हणजे १२० नोंदी. एक मोजपट्टी, तिला बांधायला वजन आणि विहिरीची जागा नोंदवायला फोनचं जीपीएस, एवढ्यात काम होतं. कठडा असलेल्याच विहिरी घ्या आणि सोबत कोणीतरी असू द्या.

*२. आधीचं काम शोधा.* गुगल स्कॉलरवर संशोधन लेख मिळतात. भारतीय विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध 'शोधगंगा'वर मोफत वाचता येतात, ते गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र चालवतं. आयआयटी खरगपूरने उभी केलेली नॅशनल डिजिटल लायब्ररीही आहे. भूजलाच्या आकड्यांसाठी महाराष्ट्र सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. एखादा लेख पैशांच्या भिंतीमागे असेल तर त्याच लेखाची मोफत प्रत दुसरीकडे ठेवलीय का बघा. लेखकाला नम्रपणे ईमेल केली तरी चालतं, बरेच जण आनंदाने पाठवतात.

*३. नोंद काढताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा.* लेखकाचं जसंच्या तसं वाक्य अवतरण चिन्हांत, लेखकाचा मुद्दा तुमच्या शब्दांत, आणि तुमचं स्वतःचं मत. प्रत्येक नोंदीपुढे लेखक, वर्ष आणि पान नंबर लिहा. तीन महिन्यांनी कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं दुसऱ्याचं ते आठवत नाही. अनेकांची नक्कल नकळत होते ती नेमकी इथे.

*४. स्वतःच्या शब्दांत लिहा.* समजा, एका लेखात असं वाक्य आहे: "जांभा खडक सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात लवकर मुरते, परंतु ते उताराच्या दिशेने झऱ्यांवाटे वाहून जाते व उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडतात."

वाईट प्रयत्न: "जांभा दगड छिद्रयुक्त असल्यामुळे पावसाचं पाणी त्यात पटकन मुरतं, पण ते उताराकडे झऱ्यांतून वाहून जातं आणि उन्हाळ्यात विहिरी सुकतात." इथे फक्त शब्द बदलले, वाक्य तेच राहिलं.

चांगला प्रयत्न: "पाऊस भरपूर असूनही इथे टंचाई का, याचं कारण जांभ्यात सापडतं: तो पाणी घेतो, पण धरून ठेवत नाही [३]. त्यामुळे आम्ही उतारावरच्या आणि सपाटीवरच्या विहिरी वेगळ्या मोजल्या." इथे मुद्दा समजून घेतलाय, आधार दिलाय आणि तो स्वतःच्या कामाला जोडलाय. युक्ती सोपी आहे: वाचा, फोन उलटा ठेवा, एका मित्राला सांगतोय अशा भाषेत लिहा आणि मग मूळ लेखाशी ताडून बघा.

*५. संदर्भ द्या.* वरचा [३] हा आकडा आयईईई पद्धतीचा, इंजिनिअरिंगमध्ये ती चालते. सामाजिक शास्त्रांत एपीए पद्धत वापरतात, तिच्यात लेखकाचं आडनाव आणि वर्ष येतं. साहित्याच्या अभ्यासात एमएलए दिसते. गाइडना विचारून एकच पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. हे हाताने करत बसू नका. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर २००६ पासून आहे, त्यात लेख साठवला की संदर्भांची यादी आपोआप तयार होते. तरी एकदा डोळ्यांखालून घाला, नावांची स्पेलिंग आणि वर्ष कधी कधी चुकून येतात.

नक्कल म्हणजे नेमकं काय?

यूजीसीने २०१८ मध्ये यावर स्वतंत्र नियम केले. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून दाखवणं, असा त्यातला अर्थ आहे. 'कल्पना' हा शब्द लक्षात ठेवा. इंग्रजी लेखाचं मराठीत किंवा मराठीचं इंग्रजीत भाषांतर करून नाव न देता वापरलं, तर सॉफ्टवेअरला सापडो वा न सापडो, ती नक्कलच.

पदव्युत्तर आणि संशोधन प्रबंधांसाठी या नियमांत चार पायऱ्या आहेत:

- १० टक्क्यांपर्यंत साम्य: दंड नाही.
- १० ते ४० टक्के: ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ६ महिन्यांत, सुधारून पुन्हा द्यायचं.
- ४० ते ६० टक्के: एक वर्ष सुधारित प्रबंधही देता येत नाही.
- ६० टक्क्यांच्या वर: त्या अभ्यासक्रमाची नोंदणी रद्द.

पदवीच्या रिपोर्टला कॉलेज आपली वेगळी मर्यादा लावू शकतं, ती विचारून घ्या. मोजताना संदर्भांची यादी, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि नाव देऊन घेतलेली अवतरणं वगळतात. सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही धरत नाहीत. '१४ शब्द उचलले तर चालतं' असा मात्र त्याचा अर्थ नाही!

आणि हो, टक्केवारी म्हणजे निकाल नव्हे. सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द दाखवतं. २ टक्के साम्य असलेल्या रिपोर्टमध्येही अख्खी कल्पना चोरीची असू शकते.

एआयला विचारलं तर?

एआय चॅटबॉटला संदर्भ मागितले तर तो अस्तित्वातच नसलेले लेख देऊ शकतो. लेखकाचं नाव खरं, जर्नल खरं, पण असा लेख कधी छापलेलाच नाही. परीक्षकाने एक शीर्षक शोधून बघितलं की खेळ संपला. म्हणून नियम एकच: जो लेख तुम्ही स्वतः उघडून बघितला नाही, तो यादीत नको.

मग एआय वापरायचाच नाही का? कॉलेज परवानगी देत असेल तर 'या परिच्छेदात कुठला मुद्दा अर्धवट राहिलाय?' असं जरूर विचारा. परिच्छेद मात्र तुमचा हवा. तोंडी परीक्षेत "हा शब्द इथे का वापरलास?" असं विचारलं तर उत्तर चॅटबॉट देणार नाही. आणखी एक सवय लावा: सुरुवातीपासून गुगल डॉक्समध्ये लिहा. त्यात आधीच्या आवृत्त्या तारखेसकट राहतात. उद्या कोणी शंका घेतली तर मजकूर कसा वाढत गेला ते दाखवता येतं.

कोर्स काय देत नाही?

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वयं आणि एनपीटीईएलवर हजारो मुलं एका कोर्सला असतात. एवढ्यांचे निबंध तपासणं शक्य नसल्याने बहुतेक असाइनमेंट बहुपर्यायी प्रश्नांच्या असतात. 'खालीलपैकी योग्य संदर्भ कोणता?' याचं उत्तर बरोबर येणं आणि दोन पानं सलग लिहिता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोहण्याचे नियम पाठ केले म्हणून भाट्याच्या खाडीत उडी मारता येत नाही. प्रमाणपत्रावर ९० टक्के असतील, तरी तुमचा एकही परिच्छेद कोणी वाचलेला नसू शकतो.

ड्यूकच्या कोर्समध्ये यावर उपाय म्हणून विद्यार्थीच एकमेकांचे निबंध वाचून अभिप्राय देत. तेच आपण घरच्या घरी करायचं. तीन वाचक ठरवा:

1. दुसऱ्या ब्रँचचा मित्र किंवा मैत्रीण. पहिलं पान द्या आणि म्हणा, "माझा प्रश्न काय आहे ते एका वाक्यात सांग." त्यांना सांगता आलं नाही, तर पान पुन्हा लिहायचं. 'कसं वाटलं?' असं विचारू नका, उत्तर 'मस्त' येतं आणि काहीच कळत नाही.
2. गाइड. शेवटच्या आठवड्यात ८० पानं नेऊन देण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी दोन पानं न्या. दोन पानं कोणीही वाचतं.
3. तुम्ही स्वतः, मोठ्याने. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा.

मराठी माध्यमवाल्यांसाठी खास सांगतो. आधी मुद्दे मराठीत मांडा, बोलून टाइप केलं तरी चालेल. मग एका वाक्यात एक गोष्ट अशी साधी इंग्रजी वाक्यं करा. 'यूटिलाइज'ऐवजी 'यूज', 'ड्यू टू द फॅक्ट दॅट'ऐवजी 'बिकॉज'. चांगले रायटिंग कोर्स नेमकं हेच शिकवतात. साधं इंग्रजी म्हणजे कमी दर्जाचं इंग्रजी हा गैरसमज सोडला की उसन्या वाक्यांची गरज आपोआप कमी होते.

फोनवरून ८ आठवड्यांत कसं बसवायचं?

- आठवडा १–२: विषयाचा प्रश्न करा, पाच लेख शोधा. कोर्सचे व्हिडिओ कॉलेजच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा.
- आठवडा ३–४: नोंदी काढा. लायब्ररीतल्या पुस्तकाचा फोटो घेताना पान नंबर आणि मुखपृष्ठ दोन्ही टिपा.
- आठवडा ५–६: पहिला कच्चा मसुदा, रोज २०० शब्द. १२ दिवस लिहिलं तरी २,४०० शब्द होतात. या टप्प्यावर व्याकरण तपासत बसू नका.
- आठवडा ७: तिन्ही वाचकांना द्या.
- आठवडा ८: सुधारणा, संदर्भांची यादी आणि शेवटी प्रस्तावना. हो, प्रस्तावना शेवटीच, कारण आपण काय लिहिलंय ते तोपर्यंत नक्की कळलेलं असतं.

लिहिणं फोनवर होऊ शकतं, पण शेवटची मांडणी, तक्ते आणि आकृत्या यांच्यासाठी एक-दोन दिवस कॉलेजच्या लॅबमधला कॉम्प्युटर वापरा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*प्रमाणपत्राचा नोकरीत उपयोग होतो का?*
थोडाफार होतो. आमच्या सॉफ्टवेअर क्षेत्रात रोज डिझाइन डॉक्युमेंट, बग रिपोर्ट आणि क्लायंटला ईमेल लिहावी लागते. तिथे प्रमाणपत्र कोणी मागत नाही, पण तीन ओळींत प्रश्न मांडता येतो का ते पहिल्याच आठवड्यात कळतं.

*कोर्स इंग्रजीत आहे, समजेल का?*
व्हिडिओचा वेग कमी करा, सबटायटल चालू ठेवा. एनपीटीईएलच्या निवडक कोर्सचं साहित्य भारतीय भाषांतही आहे.

*आधी कुठला करू?*
इंग्रजी वाक्यरचनेची भीती असेल तर चार आठवड्यांचा लहान कोर्स. वाक्यं जमतात पण प्रबंध कसा उभा करायचा ते कळत नसेल, तर 'अकॅडेमिक रायटिंग'सारखा मोठा कोर्स.

*परीक्षा न देता फक्त शिकलो तर?*
चालेल. मात्र प्रत्येक आठवड्याला निदान एक पान लिहून कोणाला तरी वाचायला द्या. कोर्सचा खरा निकाल त्याच पानावर लागतो.